बार्शी लाईटचे फोटो आणि फोटोतली माणसं



गाळपाचे आकडे, साखरेचा उतारा, लागणीच्या सूचना हे सगळे या अंकात आपापल्या जागी आहेच. ते वाचून झाले की दहा-पंधरा मिनिटे काढून हा मजकूरही वाचावा, अशी विनंती आहे. विषय आगगाडीचा आहे. "साखर कारखान्याच्या अंकात आगगाडी कशाला घुसवली?" असे कोणी म्हणेल, आणि विचारणाऱ्याचे चुकले असे आम्ही म्हणणार नाही. पण मिरजेपासून कवठेमहांकाळ, सांगोला, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी आणि तिथून थेट लातूर, हा जो पट्टा आज साखर कारखान्यांच्या धुराड्यांनी ओळखला जातो, त्यातल्या पुष्कळ खेड्यांनी धूर सोडणारे पहिले यंत्र पाहिले ते बार्शी लाईटचे इंजिन. कारखाने फार नंतर आले. तेव्हा या गाडीला आपल्या अंकात चार पाने मिळाली तर बिघडले कुठे?

अलीकडे या छोट्या गाडीचे जुने फोटो पुन्हा फिरू लागले आहेत. कुणाच्या मोबाईलवर येतात, कुणी मोठा करून दुकानात गल्ल्याच्या मागे लावतो. पाहून बरं वाटतं. पण पाच-पन्नास फोटो एकापाठोपाठ एक पाहिले की एक गोष्ट खटकू लागते, आणि ती खटकली म्हणूनच आम्ही हे लिहायला बसलो. ती पुढे सांगतो. आधी गाडीची थोडी ओळख करून घेऊ, कारण आजच्या तरुण सभासदांपैकी अनेकांनी ती पाहिलेलीच नाही.

१८५९-६० च्या सुमारास ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेची मोठी लाईन पुण्याकडून सोलापूरकडे सरकली, तेव्हा बार्शीची पेठ बाजूला पडली. कापूस आणि गळिताची धान्ये यांची एवढी मोठी पेठ, आणि स्टेशन वीस-एकवीस मैल लांब! त्या स्टेशनाचे नावच मुळी 'बार्शी रोड' पडले. म्हणजे बार्शीला जायचे असेल तर इथे उतरा आणि पुढचे तुमचे तुम्ही बघा. तेच आजचे कुर्डुवाडी. तिथून बार्शीपर्यंत माल बैलगाडीने जाई आणि बैलगाडीनेच येई. पावसाळ्यात काळ्या रानातली वाट कशी होते हे आपल्याला कोणी सांगायला नको.

एव्हरार्ड काल्थ्रॉप नावाचा एक इंग्रज इंजिनिअर १८८२ साली त्याच मोठ्या रेल्वेत इंजिनांचा इन्स्पेक्टर म्हणून नोकरीला आला होता. त्याच्या डोक्यात एक विचार घोळत होता. प्रत्येक पेठेपर्यंत साडेपाच फुटी मोठी लाईन नेणे कंपनीला परवडणार नाही, आणि नेली नाही तर पेठ उपाशी राहते. मग स्वस्तातली पण कामाची अशी छोटी लाईन का टाकू नये? हा विचार कागदावरून जमिनीवर उतरायला बरीच वर्षे गेली. अखेर १८९५ साली लंडनमध्ये बार्शी लाईट रेल्वे कंपनी उभी राहिली आणि मार्च १८९७ मध्ये, म्हणजे ऐन दुष्काळाच्या सालात, बार्शी रोड ते बार्शी गाव अशी अडीच फुटी रुळांवरची गाडी सुरू झाली.

काल्थ्रॉपने केले काय, ते थोडे खोलात सांगतो, कारण वाहतुकीचे गणित आपल्या सभासदांना चांगले कळते. उसाने भरलेली ट्रॉली ओल्या रानात का रुतते? सगळा भार दोन चाकांवर येतो म्हणून. तोच भार चार चाकांवर वाटला तर ट्रॉली निघते. काल्थ्रॉपने नेमके हेच धरले. त्याने ठरवले की आपल्या लाईनीवर कुठल्याही एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येता कामा नये, मग ते इंजिन असो, मालाचा डबा असो नाही तर माणसांचा. मोठ्या रेल्वेत इंजिन फार जड आणि डबे त्या मानाने हलके असत; म्हणजे रूळ आणि पूल बांधायचे ते एकट्या इंजिनासाठी. इथे इंजिनाचे वजन सहा आसांवर पसरले. लीड्स गावच्या किटसन कंपनीने बनवलेल्या पहिल्या इंजिनांना एकमेकांशी जोडलेली आठ चाके आणि मागे आणखी चार चाके होती. त्यामुळे वाराला तीस पौंडी, म्हणजे मीटरला पंधरा किलोच्या आसपास वजनाचा हलका रूळ पुरला. आज मोठ्या लाईनीवर मीटरला साठ किलोचा रूळ असतो, म्हणजे चौपट. रूळ हलका, मातीकाम कमी, पूल साधे, खर्च बेताचा. डबेसुद्धा दाबून घडवलेल्या पोलादाचे, आपले वजन कमी ठेवून माल जास्त नेणारे. नाव 'लाईट' असले तरी ओझ्याला गाडी हलकी नव्हती.

गाडीत बसवलेला बॉयलर हा तर आपल्या कारखान्यातल्या बॉयलरचा चुलतभाऊ, पण उलट्या चालीचा. आपल्याकडे नळ्यांतून पाणी फिरते आणि बाहेरून बगॅसची आग लागते. इंजिनात आगीचा झोत नळ्यांतून जातो आणि नळ्यांभोवती पाणी असते. आपला बॉयलर एका जागी बसून असतो. तो बिचारा खडखडत्या रुळांवरून धावता धावता वाफ करायचा. फायरमनला फावडं एका लयीत चालवावं लागे, नाही तर चढावर वाफ बसायची आणि गाडी थांबायची. गाडी चढावर दमली की उतारू खाली उतरून शेजारच्या रानातल्या शेंगा उपटत आणि पुन्हा चढत, असे किस्से या भागात घरोघरी ऐकायला मिळतात. त्यातले खरे किती आणि तिखटमीठ किती ते ज्याचे त्याने ठरवावे.

ही इंजिने आणि डबे हिंदुस्थानात येण्यापूर्वी १८९६ साली लीड्सजवळ न्यूले येथे मुद्दाम रूळ टाकून चालवून दाखवण्यात आली. बार्शीच्या गाडीचे सगळ्यात जुने फोटो म्हणायचे ते याच काळातले, आणि त्यात बार्शीची माती कुठेच नाही. त्या काळी इंजिन तयार झाले की कारखानदार त्याला तात्पुरता राखाडी रंग फासून फोटो काढीत. राखाडी रंगावर उजेड सारखा पडतो आणि एकेक खिळा फोटोत उठून दिसतो. लग्नाच्या आधी मुलीचा फोटो काढतात तशातला तो प्रकार. फोटोतला रंग खरा मानायचा नसतो.

पुढे लाईन वाढत गेली. १९०६ साली कुर्डुवाडीहून पंढरपूरला गाडी गेली. बार्शीच्या बाजूला ती येडशीवरून पुढे सरकत निजामाच्या मुलखात शिरली आणि १९११ साली लातूरला टेकली. पंढरपूरहून मिरजेपर्यंतचा मोठा टप्पा १९२७ साली पुरा झाला. लातूर ते मिरज एकंदर २०२ मैल. इंग्रजी मुलूख, निजामाचा मुलूख, पटवर्धनांचे संस्थान, सगळ्यांतून एकच झुकझुक. सगळ्या पट्ट्यातले धान्य, कापूस, शेंगा याच छोट्या डब्यांतून बाहेर पडल्या.

आता एक मुद्दा, जो आम्हाला गाडीपेक्षाही महत्त्वाचा वाटतो. छोट्या रुळांची गाडी साखर धंद्यालाही नवी नव्हती. वालचंदनगर, रावळगाव, हरेगाव या जुन्या खाजगी कारखान्यांच्या मळ्यांत अरुंद रुळांवरून ऊस कारखान्याकडे येई आणि तो ओढायला वाफेची छोटी इंजिने असत. तिथल्या इंजिनांचे फोटो पाहिले की आजच्या सभासदाला हेवा वाटतो: "केवढी सोय! आपल्याकडं का नाही झाली?" याचे उत्तर इंजिनात शोधून सापडणार नाही, ते सात-बाऱ्यावर आहे. रूळ टाकायला सलग जमीन लागते आणि सलग जमिनीला एक मालक लागतो. खाजगी कारखान्यांकडे हजारो एकर खंडाची किंवा मालकीची जमीन एका हाताखाली होती, म्हणून रूळ मळ्यातून सरळ फडापर्यंत गेले. १९६१ चा कमाल जमीन धारणा कायदा आला, तेव्हा यातली बरीच जमीन सरकारकडे आणि १९६३ साली स्थापन झालेल्या शेती महामंडळाकडे गेली.

सहकारी कारखान्याचे तसे नाही. १९५० च्या हंगामात प्रवरानगरला पहिला सहकारी कारखाना सुरू झाला तेव्हापासून इथे ऊस आहे तो हजारो खातेदारांचा, कुणाचा दोन एकर, कुणाचा वीस गुंठे, बांध मध्ये, ओढा मध्ये, भाऊबंदकी मध्ये. तिथे रूळ कसा जाईल? बैलगाडीच जाणार. आणि ती गेली. पुढे ट्रक आले, ट्रॅक्टर आले. केन यार्डात रात्रभर उभी राहिलेली बैलगाड्यांची रांग ही दिसायला इंजिनाएवढी रुबाबदार नाही, पण ती रांग म्हणजे मालकी वाटली गेल्याची खूण आहे. बार्शी लाईटचे भागधारक लंडनच्या कंपनीचे होते; गाडीत बसणाऱ्याला, तिच्यातून माल पाठवणाऱ्याला तिच्या कारभारात तोंड उघडायला जागा नव्हती. आपल्याकडे एक शेअर असो नाही तर दहा, वार्षिक सभेत मत एकच. सभेत उठून बोलायचे की नाही, हे मात्र ज्याचे त्याने बघायचे. १ जानेवारी १९५४ रोजी सरकारने बार्शी लाईट ताब्यात घेतली आणि ती मध्य रेल्वेची झाली.

जुने फोटो पाहून हळहळणारे पुष्कळ भेटतात. "गेली बिचारी छोटी गाडी! मोठी लाईन केली आणि मजा घालवली." आम्ही या हळहळीत सामील नाही. छोट्या गाडीचा माल कुर्डुवाडीला किंवा मिरजेला मोठ्या गाडीत चढवायचा म्हणजे प्रत्येक पोते एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात टाकावे लागे. त्यात वेळ जाई, पोती फाटत, सांडलवंड होई, आणि त्या पोत्यांखाली वाकलेली पाठ हमालाची असे. मिरजेला तर एके काळी मोठे, मधले आणि छोटे असे तिन्ही मापांचे रूळ होते. फोटो काढणाऱ्याला ती पर्वणी, हमालाला ती तिप्पट मेहनत. ज्यांनी पोते उचलले नाही त्यांनाच ही गाडी जावी असे वाटले नसेल.

आणि शिवाय हे ध्यानात घ्या. लातूरकडच्या बाजूचे रुंदीकरण २००८ साली पुरे झाले. त्यात लाईनीला वळण देऊन उस्मानाबाद, म्हणजे आजचे धाराशिव, हे गावही रेल्वेवर आणले गेले. जुनी लाईन त्या शहराला बाजूला ठेवून गेली होती. मिरजेकडची बाजू त्यानंतर दोन-तीन वर्षांत झाली. आणि २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूर शहर पाण्याला मोताद झाले तेव्हा याच वाटेने मिरजेहून पाण्याची गाडी धावली. पहिल्या खेपेला दहा टाक्या, प्रत्येकीत पन्नास हजार लिटर, म्हणजे पाच लाख लिटर पाणी. पुढे पन्नास टाक्यांची गाडी, पंचवीस लाख लिटरची. मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, लातूर, सुमारे ३४० किलोमीटर. अडीच फुटी रूळ असते तर ती टाकी मिरज स्टेशनातून बाहेरही पडली नसती. (त्या उन्हाळ्यात उसावर बोटे उगारली गेली, ती का उगारली गेली आणि आपण ठिबकाच्या बाबतीत कुठे उभे आहोत, हे आम्ही विसरलेलो नाही. तो विषय वेगळा आहे आणि स्वतंत्र लेखाचा आहे. आगगाडीच्या आडोशाने तो उरकणे बरे दिसणार नाही.)

तेव्हा गाडी गेली याचे दुःख नाही. खटकते ते दुसरेच.

या गाडीचे जे फोटो आज हाती लागतात ते साधारण तीन जातींचे आहेत. एक, वर सांगितलेले कारखानदारांचे राखाडी फोटो. दुसरे, साहेब लोकांचे: खुर्च्यांची रांग, मध्ये टोपीवाले, मागे इंजिन. तिसरे १९७० आणि १९८० च्या दशकांतले. तोवर युरोपातून वाफेची इंजिने बहुतेक हद्दपार झाली होती, म्हणून तिकडचे हौशी लोक कॅमेरे गळ्यात अडकवून हिंदुस्थानात येत आणि छोट्या लाईनींवर उन्हातान्हात उभे राहत. त्यांचे आपल्यावर उपकार आहेत हे मोकळेपणाने म्हटले पाहिजे. कारण आपण त्या गाडीतून रोज जात होतो, तिचा फोटो काढावा हे आपल्या मनातही येत नव्हते. आषाढी-कार्तिकीच्या पंढरपूरच्या गाड्यांचे फोटो त्यांच्यामुळेच राहिले. डब्याचे छप्पर दिसत नाही, इतकी माणसे टपावर. पताका, गाठोडी, टाळ, डोक्यावर तुळस घेतलेली म्हातारी. जाताना वारीबरोबर पायी, येताना गाडीने, हा अनेकांचा शिरस्ता.

पण या तिन्ही जातींच्या फोटोंखाली काय लिहिलेले असते ते वाचा. इंजिनाचा नंबर असतो. ते कोणत्या कंपनीने आणि कोणत्या साली बनवले ते असते. चाकांची मांडणी असते. स्टेशनाचे नाव आणि तारीख असते. साहेबांचा फोटो असेल तर साहेबांची नावे असतात. आणि इंजिनाच्या दारातून बाहेर डोकावणारा तो ड्रायव्हर, तोंड काळवंडलेला तो फायरमन, हिरवा बावटा धरलेला पॉइंटमन, रुळाच्या कडेला पहार टेकून उभा राहिलेला गँगमन? त्यांच्या नावाचा पत्ता नाही. लोखंडाचा जन्मदाखला आहे आणि माणसाचा नाही.

बरं, हे केवळ परदेशी लोकांचे झाले असे म्हणून सुटका होत नाही. त्यांना मराठी येत नव्हते, गाडी दोन मिनिटे थांबत होती. ते तरी नावे कुठे विचारत बसणार? पण आपल्या घरातल्या फोटोंचे काय?

आपल्या एका सभासदाच्या घरी लोखंडी पेटीच्या तळाशी असाच एक फोटो निघाला. त्यांचे आजोबा छोट्या लाईनीवर गँगमध्ये होते. फोटोत सात माणसे आहेत, पागोटी बांधलेली, दोघांच्या खांद्यावर पहारी, पुढे ढकलगाडी. मागे जांभळ्या शाईत कुर्डुवाडी एवढा एकच शब्द. सभासदाला सातांतले आजोबासुद्धा नक्की सांगता येईनात. नव्वदीला टेकलेल्या आत्याबाईंना फोटो दाखवला. त्यांनी बोट ठेवून चार नावे सांगितली. एकाला चालताना लंगडण्याची खोड होती, एकाचा आवाज गोड होता आणि तो पहार मारताना गाणे म्हणायचा, हेही सांगितले. उरलेल्या तिघांपाशी बोट थांबले. "हे बी आपलेच व्हते रं, पर नाव काय ध्यानात येईना." ती तीन नावे आता कायमची गेली. आणि दोन वर्षे उशीर झाला असता तर सातही गेली असती.

हेच काल्थ्रॉपसाहेब पुढे मायदेशी इंग्लंडातल्या एका डोंगराळ खोऱ्यात अशाच लाईनीच्या कामात होते. लीक अँड मॅनिफोल्ड असे तिचे नाव. रूळ तेच अडीच फुटी, लांबी जेमतेम सव्वाआठ मैल. १९०४ साली सुरू झाली. तिचे मुख्य गिऱ्हाईक म्हणजे शेतकऱ्यांचे दूध. एक्टन इथली दुधाची डेअरी १९३२ साली बंद पडली आणि दोन वर्षांत, १९३४ साली, गाडीही बंद पडली. (एका गिऱ्हाइकावर विसंबलेल्या धंद्याचे काय होते हे आपल्याला साखरेच्या बाबतीत निराळे सांगायला नको, इथेनॉल आणि वीज यांची जोड उगाच नाही दिली.) त्या लाईनीवर इनमीन दोन इंजिने. त्यातल्या एकाला काल्थ्रॉपचेच नाव दिलेले. एकंदर तीस वर्षांचे आयुष्य, पण त्या लोकांनी तिच्यावर पुस्तके लिहिली, फोटो जपले, रूळ उखडले त्या वाटेवर लोक आजही हौसेने चालायला जातात. आपली लाईन २०२ मैलांची आणि शंभर वर्षे चाललेली. प्रमाण काढून पाहा.

(जाता जाता: या काल्थ्रॉपने पुढे पहिल्या महायुद्धाच्या काळात विमानातून उडी मारण्याची छत्रीही तयार केली आणि घोड्यांवर एक पुस्तक लिहिले. माणूस एका जागी बसणारा नव्हता हे खरेच.)

इंजिन रंगवून स्टेशनासमोर चौथऱ्यावर ठेवण्याची पद्धत रेल्वेत आहे. चांगली आहे. पोरे त्यावर चढतात, फोटो काढतात. साखर कारखान्यांच्या गेटपाशीही असेच एखादे जुने चरक नाही तर रोलर मांडून ठेवतात. तेही चांगले. पण लोखंड जपले म्हणजे इतिहास जपला असे नाही. रोलर कुणी फिरवला, पहिल्या हंगामात पॅनवर कोण होते, साखरेचा दाणा पहिल्यांदा नीट पडला तेव्हा कोण पहाऱ्यावर होते, हे रोलर सांगत नाही.

कारखान्याचे फोटो आठवून पाहा. बॉयलर अग्निप्रदीपन. गव्हाणीत मोळी टाकण्याचा समारंभ. साखरेच्या पहिल्या पोत्याचे पूजन. कुठल्याही साखर कारखान्याच्या कुठल्याही वर्षाच्या अंकात हे तीन फोटो असतात आणि खाली 'डावीकडून' अशी सुरुवात करून पाहुण्यांची नावे असतात. ती असावीतच, पाहुण्याचा मान आहे. पण त्याच फोटोत मागे पाच-सात चेहरे असतात. गव्हाणीवरचा कामगार, वजनकाट्याचा कारकून, गाडीवान. 'व इतर' या दोन शब्दांत ते सगळे बसवले जातात. आणि ज्यांनी ती मोळी तोडली ते तर फोटोतही नसतात. बीड, पाथर्डी, आष्टीकडून दर वर्षी टोळ्या येतात. नवरा-बायको मिळून आपण त्यांना 'एक कोयता' म्हणतो. टोळीत किती कोयते, असे मोजतो. माणसांची मोजणी हत्याराच्या नावाने करणारा हा धंदा आहे. तिकडे इंजिनाचा नंबर, इकडे कोयत्यांची संख्या. फरक फारसा नाही.

"अहो, पण त्या जुन्या नावांचं आता काय लोणचं घालायचं आहे का? भाव मिळतो का त्यानं?" असे रोखठोक विचारणारेही सभासद आहेत. भाव मिळत नाही, कबूल. पण उद्या एखाद्या वादात कारखाना कुणी उभा केला, शेअरचे पैसे कुणाच्या बायकोने डोरले मोडून दिले, कुणी कशाला विरोध केला, याबद्दल ज्याला जे वाटेल ते तो ठोकून देईल. तेव्हा "नाही, हे असे नव्हते" म्हणणारा पुरावा आपल्या पेटीत असेल की नसेल? बार्शी लाईटच्या गँगमनला हा पुरावा मिळाला नाही. त्याच्या श्रमाबद्दल काही सांगायचे तर कंपनीच्या कागदांवर विसंबावे लागते, आणि कंपनीचे कागद कंपनीच्या सोयीचे असतात. आपण तर कंपनीचे मालक आहोत. आपण आपले कागद कुणाच्या सोयीचे ठेवणार?

म्हणून आमचे म्हणणे असे की कारखान्याने हा खर्च अंगावर घ्यावा. खर्च तो किती? एक टेबल, एक माणूस, एक बऱ्यापैकी कॅमेरा आणि वही. सभासदांच्या आणि कामगारांच्या घरातले छोट्या गाडीचे, बैलगाड्यांचे, कारखान्याच्या उभारणीचे, फडाचे, टोळ्यांच्या कोप्यांचे जुने फोटो आणावेत, त्यांच्या नकला काढाव्यात, मूळ फोटो त्याच वेळी मालकाला परत द्यावा. फोटो कारखान्याला देऊन टाका असे कोणी म्हणू नये आणि म्हटले तरी देऊ नये. नकलेबरोबर वहीत नावे उतरवावीत: कोण, कुठले, काय काम करीत, कोणत्या साली. साल नक्की नसेल तर "दुष्काळाच्या आधी", "धरणाचे पाणी आले त्या वर्षी" असे लिहिले तरी चालेल. संचालक मंडळाच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा, अशी आमची मागणी आहे. आणि तो वेळेअभावी पुढे ढकलला जाऊ नये यावर आमचे लक्ष राहील.

तोवर घरच्या घरी करण्यासारखे थोडे. फोटोच्या मागे नावे लिहायची तर मऊ शिसपेन्सिलीने, हलक्या हाताने. बॉलपेनचा वळ पुढच्या बाजूला उमटतो आणि शाई दुसऱ्या फोटोला लागते. पूर्वी बाजारात चिकट पानांचे, वर प्लॅस्टिकचा पापुद्रा असलेले अल्बम मिळत, त्यात फोटो असतील तर ते पिवळे पडत चाललेले असणार. सहज सुटत असतील तर सोडवून साध्या कोऱ्या कागदात ठेवा. भिंतीवरच्या तसबिरीत फोटो काचेला चिकटला असेल तर ओढू नका, वरचा थर काचेवरच राहून जाईल. काचेसकट सावलीत धरून मोबाईलवर त्याची नक्कल घ्या, फ्लॅश न लावता. आणि देव्हाऱ्याच्या भिंतीवर जिथे ओल येते तिथून फोटो आधी हलवा.

गाळप बंद झाल्यावर शेतकी ऑफिसला थोडी सवड असते. त्या दिवसांत ज्यांच्याकडे असे फोटो आहेत त्यांनी आपल्या गट ऑफिसात किंवा चिटबॉयकडे नुसते नाव आणि गाव कळवावे. फोटो एकटा आणण्यापेक्षा त्यातली माणसे ओळखणारे घरातले वडीलधारे माणूस बरोबर आणता आले तर फार चांगले. त्यांना यायला झेपत नसेल तर तसे कळवा. आम्ही घरी येऊ.